पाहुण्याचा आठवडा

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात अव्वल इंग्रजी कालखंड शिकवायला घेतला की ‘मराठी गद्याच्या जडणघडणीत मिशनऱ्यांची कामगिरी’ हा प्रश्न आलाच. जानेफळला राहून आसपासच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही तिघे हा प्रश्न पंधरा-वीस वर्षे शिकवीत, विचारीत आणि तपाशीत आलो आहोत. उत्तरपत्रिकांत छापखाने, कोश, व्याकरणे, शाळा, ‘ज्ञानोदय’ (१८४२), ‘यमुनापर्यटन’ (१८५७) अशी ओळीने यादी येते; यादी पुरी असली की गुणही पुरे पडतात. ह्या यादीत ज्यांच्या दारी मिशनरी उतरले ती माणसे कुठेच नसतात, हे आमच्या ध्यानात आले ते एका तासाला, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे.

अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ सांगताना आम्ही ओघात एक माहिती दिली होती. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम येथे ज्या पाच तरुणांना धर्मोपदेशकाचा अधिकार देऊन हिंदुस्थानाकडे धाडण्यात आले, त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोचले. त्यांचाच सोबती अॅडोनिरम जडसन मात्र त्याच वर्षीच्या जुलैत पत्नी अॅनसह ब्रह्मदेशात रंगूनला उतरला. कंपनी सरकारने ह्यांपैकी कुणालाच कलकत्त्यात थारा दिला नव्हता; वाटेत जडसनने बाप्टिस्ट पंथ पत्करल्याने त्याची मंडळीही वेगळी झाली होती; आणि मद्रासेत त्याला जे जहाज मिळाले ते रंगूनला जाणारे होते. एका तुकडीतली माणसे अशी दोन किनाऱ्यांना लागली. एक किनारा आपला, दुसरा बौद्ध देशाचा.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, तिथले लोक तर बौद्धच होते ना? मग ह्यांना तिथं काय कमी दिसलं?” विचारणारीच्या घरी त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. ‘सुवार्ताप्रसार’, ‘साम्राज्यवाद’ असे दोन-चार शब्द फेकून आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते आम्हांलाच पुरेसे वाटले नाही.

मिशनरी लेखनात, मग ते कुठल्याही देशाबद्दल असो, यजमानांसाठी एक विशेषण हमखास येते. लोक मनमिळाऊ आहेत, अगत्यशील आहेत, ऐकून घेतात. आणि त्याच्या मागोमाग तक्रार येते: ऐकतात, मान डोलावतात, आणि जसे आले तसे निघून जातात. ह्या दोन वाक्यांमध्ये जी फट आहे ती वाचायला आपण विद्यार्थ्यांना शिकवीत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

जडसनने रंगूनमध्ये १८१९ साली पॅगोडांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ‘झयात’ बांधला. झयात म्हणजे वाटसरूंसाठी पुण्य म्हणून बांधलेली उघडी विसाव्याची जागा, आपल्या धर्मशाळेची ब्रह्मी बहीण. समोर उघडी पडवी, मध्ये उपासनेची खोली, मागे मिशनच्या आवाराकडे जाण्याची वाट. ह्या पडवीत बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना, बायबलातल्या शब्दांत, तहानलेल्यांनो या, अशी हाक घालीत असे. ज्या देशात रस्त्याकडेला वाटसरूंसाठी पाण्याचे माठ भरून ठेवणे हे पुण्यकर्म, त्या देशात ही हाक कशी ऐकू गेली असेल? आपल्याकडच्या पाणपोईवर कुणी परदेशी येऊन बसला आणि तहानलेल्यांना बोलावू लागला, तर माणसे थांबतील, ऐकतील, कदाचित त्यालाच पाणी देतील.

ब्रह्मी लोक थांबले. बसले. ऐकले. जडसनचा आठवडा रविवार ते रविवार असा होता. ४ एप्रिल १८१९ च्या रविवारी त्याने तिथल्या भाषेत पहिली जाहीर उपासना घेतली. यजमानांचे धार्मिक दिवस मात्र चंद्राच्या हिशेबाने, पौर्णिमा-अमावास्या-अष्टमीने चालत. आठवड्याच्या शेवटी किती आले, किती टिकले, ह्याचा हिशेब फक्त पाहुणा मांडीत होता. रंगूनला उतरल्यापासून पहिला बाप्तिस्मा होईपर्यंत, म्हणजे २७ जून १८१९ पर्यंत, सहा वर्षे ह्या हिशेबात शून्य होते. त्याला हे शून्य श्रद्धेचा अभाव वाटे. आम्हांला ते तसे वाटत नाही. अनोळखी माणसाला बसायला जागा देणे आणि त्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे, हे त्यांच्या धर्माबाहेरचे सौजन्य नव्हते. दान आणि क्षमा ह्या तर त्यांच्या पारमिताच. जी वस्तू नाही म्हणून तो शोक करीत होता, ती त्याच्यासमोर मांडी घालून बसलेली होती.

हे अगत्य राजसत्तेपुढे टिकणारे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १८२० च्या आरंभी जडसन धर्मप्रचाराची मोकळीक मागायला राजाकडे गेला. राजाने त्याचे पत्रक वाचून खाली टाकले.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्याहून अधिक मोलाची वाटावी अशी गोष्ट भाषेत घडली. बायबलचे ब्रह्मी भाषांतर १८३४ मध्ये पुरे झाले. ब्रह्मी बायबलात परमेश्वरासाठी ‘थावर फया’ असा शब्द आहे. त्यातला ‘फया’ बुद्धालाही लावतात, पॅगोडालाही. आणि ‘थावर’ हे पाली ‘थावर’, म्हणजे आपले ‘स्थावर’. जे चळत नाही ते. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्या परंपरेच्या भाषेतूनच नित्य देवाचे नाव घडवावे लागले! आपल्याकडेही तेच झाले. ‘पवित्र शास्त्र’, ‘तारण’, ‘परमेश्वर’, ‘शुभवर्तमान’: एकही शब्द जहाजातून आलेला नाही, सारे इथल्या घरचे. पाहुणा यजमानाच्या शब्दांच्या ओसरीवर उतरतो, आणि आपण त्याला ‘मराठी गद्याला मिळालेली देणगी’ म्हणतो. देणगी कुणी कुणाला दिली, हा प्रश्न तरी प्रश्नपत्रिकेत यावा.

तरीही मिशनऱ्यांना झोडपून मोकळे होण्याची जी दुसरी सोय आहे, तीही आम्हांला नको आहे. १८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेश ह्यांचे युद्ध जुंपले आणि जडसन हेर समजून तुरुंगात पडला. पुढे कैद्यांना औंगबिन्ले ह्या खेड्यात हलवले. १८२५ च्या जानेवारीत जन्मलेले मूल घेऊन अॅन तिथे पोचली आणि आजारी पडली. अंगावरचे दूध आटले. तिने पहारेकऱ्यांना काहीबाही देऊन नवऱ्याला थोडा वेळ बाहेर सोडवून घेतले, आणि तो कैदी ते मूल घेऊन खेड्यात दारोदार फिरला: ज्यांची मुले अंगावर पीत होती अशा बायांकडे दूध मागत. त्यांनी पाजले. ज्या देशात भिक्षू रोज सकाळी पात्र घेऊन मुकाट्याने घरांपुढे उभा राहतो, तिथे हा उपदेशकही अखेर भिक्षेकऱ्याच्या जागी उभा राहिला. हे आपल्याला अॅनच्याच लेखनातून कळते. त्या बायांची नावे मात्र त्यात नाहीत. शत्रुपक्षाच्या कैद्याचे मूल छातीशी घेणाऱ्या ह्या बाया कुठल्याही ‘कामगिरी’त मोडत नाहीत. अॅन १८२६ च्या ऑक्टोबरात वारली, मूल पुढच्या वर्षी.

त्याच १८२६ मध्ये इकडे गॉर्डन हॉल नाशिककडे फिरतीवर गेला होता. पटकीची साथ होती. जवळची औषधे रोग्यांना वाटून तो परत निघाला, आणि दोडी दापूर येथे त्यालाच पटकी झाली. २० मार्च रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तो तिथल्या देवळाच्या पडवीत वारला. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पुरा झाला. एका मित्राने देवधर्माच्या विसाव्याची जागा उसनी घेऊन उपदेश केला. दुसऱ्याला मरणासाठी ज्या देवाला तो मानीत नव्हता त्याचीच पडवी मिळाली.

इथपर्यंत लिहून आम्ही ते वर्गात वाचून दाखवले. त्याच विद्यार्थिनीने पुन्हा अडवले. “त्या देवळाच्या पडवीत गावातल्या महाराला झोपू दिलं असतं का, सर?”

ह्याचे उत्तर द्यायला संदर्भग्रंथ लागत नाही. हॉल ज्या नाशिकहून परतत होता, त्याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारापुढे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला. हॉलच्या मरणानंतर एकशे चार वर्षे झाली होती, आणि तरीही दार उघडले गेले नाही. म्हणजे ‘अगत्यशील लोक’ हे विशेषण वाचताना एक प्रश्न आणखी विचारायला हवा: कुणाशी अगत्यशील? सात समुद्रांपलीकडचा पाहुणा ओसरीवर आणि वेशीबाहेरचा शेजारी उन्हात, ही आपल्या आतिथ्याची रीत होती. मिशनऱ्यांनी ती पाहिली, लिहिली, तिचा उपयोगही करून घेतला. पण तिची झळ पाहुण्याला लागत नसते. आमच्यापैकी एकाचे मत असे की ह्यामुळे वरचे सगळे प्रतिपादनच लंगडे पडते. उरलेल्या दोघांना वाटते की ते लंगडे पडत नाही, फक्त औंगबिन्लेच्या बाया आणि दोडीचे देऊळ ह्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

ह्या संदर्भात धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ पुन्हा वाचावे. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस १९०२ मध्ये सिलोनला गेला तो शिकायला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ त्यांनी पालीचा अभ्यास केला, श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही भिक्षूंमध्ये राहिले. सिलोनचे अन्न मानवले नाही, हे ते लपवीत नाहीत, आणि त्यासाठी सिलोनी लोकांना दोषही देत नाहीत. बौद्ध देशाला काहीतरी द्यायला आलो आहोत असा भाव त्यात नाही, म्हणून यजमानांना विशेषणे देण्याची घाईही नाही. हे पुस्तक आपण विद्वानाचे आत्मचरित्र म्हणून शिकवतो. ते उतारूचे, भिक्षा घेणाऱ्याचे लेखन म्हणूनही शिकवता येईल. परतल्यावर त्यांनी मराठीत बौद्ध धर्माविषयी जे लिहिले, त्याला धर्मप्रचार म्हणायचे की परतफेड, ह्यावर एक तास सहज चालतो.

आणि मूळ प्रश्न? ब्रह्मदेशात काय कमी दिसले, ह्याचे उत्तर जडसनच्या लेखनात मिळेल. ब्रह्मदेशाकडून काय आले, हे मात्र विचारणारीच्या घरातच होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थविर चंद्रमणी हे जन्माने आराकानचे. ब्रह्मदेशातून ते तरुणपणीच इकडे आले आणि कुशीनगरला स्थायिक झाले. तेही धर्मप्रचारकच. हे आम्ही तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “हे आजीला सांगते.” तिची आजी त्या दिवशी नागपुरात होती, हे आम्हांला तेव्हा कळले.

यंदाच्या अंतर्गत मूल्यमापनात आम्ही जुना प्रश्न काढून टाकला आहे. त्याऐवजी ‘निवेदन’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ह्यांतील एकेक प्रवास घेऊन, त्यात कुणी कुणाला कुठे उतरू दिले, काय खाऊ घातले आणि कुठे नाकारले, एवढेच टिपून आणायला सांगितले आहे. वह्या यायला लागल्या आहेत.