नॅरोबोट घ्यावी का? आधी कन्हानकडे पाहावे

इंग्लंडच्या कालव्यांवरील जुनी नॅरोबोट विकत घेऊन तीतच राहावे, हे स्वप्न अलीकडे पुष्कळांना पडते. त्याची पारख खाप्याच्या घाटावर बरी होते. पावसाळ्यात दुथडी भरणारी कन्हान उन्हाळ्यात वाळूतल्या धारेपुरती उरते. नाव कितीही उत्तम असो, ती इथे वर्षभर तरंगणार नाही.

हा हिशेब विदर्भात एकदा फसलाही आहे. नागपूर-वऱ्हाडचा कापूस नद्यांनी समुद्राकडे न्यावा, यासाठी आर्थर कॉटन आग्रही होते. कन्हान ज्या वैनगंगेला मिळते, तिचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. तिथले खडकाळ अडथळे ओलांडण्यासाठी बंधारे व कालवे बांधण्यास आरंभ झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७१ मध्ये ती कामे सोडून देण्यात आली.

इंग्लंडमध्ये रेल्वे आली, तरी कालवे टिकले. सुमारे सात फूट रुंदीच्या लॉकमध्ये मावाव्यात, म्हणून नावा अरुंद. रेल्वेच्या स्पर्धेने मालवाहतुकीचे दर घसरले, तेव्हा अनेक नावाड्यांनी घरभाडे वाचवण्यासाठी बायकामुलांना नावेवरच आणले. अशा नावांची नोंदणी १८७७ च्या कायद्याने सक्तीची केली. आज रम्य भासणारा हा संसार तंगीतून उभा राहिला (विक्रीच्या जाहिरातीत हे नसते).

आजही कायमचा धक्का नसलेल्या नावेला तिथे साधारणतः १४ दिवसांनी जागा सोडावी लागते. नोकरी वा मुलांची शाळा एका गावी असलेल्याने तळाच्या पोलादाची जाडी तपासण्याआधी धक्का मिळतो का, ते पाहावे. तो नसेल, तर स्वस्तातली नावही घेऊ नये.