सृष्टिनिरीक्षण : माळढोक आणि त्याचा माळ

'जंगल' हा शब्द ज्या 'जांगल' शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ घनदाट अरण्य असा नाहीं. आयुर्वेदांत देशाचे अनूप, जांगल व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकीं जांगल म्हणजे थोडें पाणी, विरळ झाडें व मोकळें आकाश असलेला कोरडा प्रदेश. हा अर्थ आपण विसरलों, आणि त्या विस्मृतीचें फळ एका पक्ष्यास भोगावें लागत आहे.

पेठ वडगांवच्या उंसाच्या मळ्यांत वाढलेल्या मुलांस असा देश पाहावयाचा असेल, तर त्यांनीं सह्याद्रीकडे पाठ करून पूर्वेस जावें. पावसाळी ढग सह्याद्रीवरच बहुतेक रिते होतात. त्यामुळें मिरजेपुढें पाऊस घटत जातो व सोलापूरकडे कुसळी गवताचे माळ लागतात. तेथेंच, नान्नज येथें, १९७९ सालीं माळढोक-अभयारण्य स्थापन झालें.

हा पक्षी ओळखावा कसा? नांवांत 'ढोक' आहे म्हणून त्यास करकोच्याच्या जातीचा समजूं नये. उंची सुमारें १ मीटर, नराचें वजन १५ किलोपर्यंत. डोक्यावर काळी टोपी, मान पांढुरकी, पाठ तपकिरी व नराच्या छातीवर काळा पट्टा. मादी बरीच लहान असून तिचा पट्टा तुटक वा अस्पष्ट असतो. सर्वांत पक्की खूण पायांत आहे. त्यास मागचें बोट नसतें, म्हणून तो फांदी धरूं शकत नाहीं. झाडावर बसलेला पक्षी माळढोक नव्हे, हें निश्चित. मादी उघड्या भूमीवर बहुधा एकच अंडें घालते.

असे माळ कागदोपत्रीं 'पडीक' ठरले. कोठें नांगर फिरला, कोठें कालव्याचें पाणी आलें, तर कोठें सदिच्छेनें झाडें लावलीं गेलीं. शत्रूस दुरून पाहून सावध होणाऱ्या या पक्ष्यास झाडीची अडचणच होते. शिवाय त्यास समोरचें नीट दिसत नाहीं व जड देह चटकन वळत नाहीं. म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. २०११ सालीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. आज रानांत सुमारें दीडशेच उरले असावेत, तेही बहुतेक जेसलमेरकडे. तेथें २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे. नान्नजला त्याचें दर्शन आतां दुर्मिळ झालें आहे.

तथापि काळवीट, लांडगा व चंडोल त्याच माळावर अद्याप नांदतात. वृक्षारोपण हें पुण्यकर्म खरें. परंतु वैद्य जसा देशकाल पाहून औषध देतो, तसेंच झाडही भूमि पाहून लावावें. सुटींत मुलांस एखादा माळ अवश्य दाखवावा, आणि त्यास 'ओसाड' म्हणण्यापूर्वीं तेथें कोण राहतें, हें त्यांस शोधावयास सांगावें.