सर्वपक्षीय

सभा, सत्कार आणि बंद या तीन प्रसंगी आपल्याला ‘सर्वपक्षीय’ हा शब्द हमखास आठवतो. व्यासपीठावर सगळ्या रंगांची उपरणी, मधोमध सत्कारमूर्ती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हमरीतुमरी. या शब्दाचा खरा कस लागतो तो सत्ता बदलल्यावर.

चेन्नईतल्या वेलचेरीत राहून द्रमुक आणि अण्णाद्रमुक यांचे हाडवैर जवळून दिसते. (आपल्या महाराष्ट्रात कालचे वैरी आज व्याही होतात, याचे इथल्या शेजाऱ्यांना भारी कुतूहल.) मे २०२१ मध्ये द्रमुकची सत्ता येताच कार्यकर्त्यांनी मोगप्पैरमधल्या ‘अम्मा उणवगम’ या स्वस्त सरकारी खानावळीत शिरून अण्णाद्रमुकच्या जयललितांचे फलक उखडले. द्रमुकप्रमुख स्टॅलिन यांनी त्यांना पक्षातून काढले, फलक पुन्हा लावायला लावले. त्याच महिन्यात कोविडसाठी नेमलेल्या आमदारांच्या सल्लागार समितीत अण्णाद्रमुकचे माजी आरोग्यमंत्री विजयभास्कर होते. आधीच्या मुख्यमंत्र्यांची चित्रे छापलेली लाखो दप्तरेही तशीच मुलांना वाटली गेली. नवी छापायचे कोट्यवधी रुपये वाचले. यात हिशेब होता, आणि थोडी प्रतिमेची काळजीही असेल. असू द्या.

आपल्याकडचे याहून मोठे उदाहरण आपणच विसरलो आहोत. वि. स. पागे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांना काम देऊन गेली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला, तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ रोजी. तोवर दादांचे सरकार पाडून शरद पवारांचे पुलोद आघाडी सरकार सत्तेवर आले होते. त्यात जनता पक्ष होता, शेकाप होता. सरकार पाडले, पण दादांच्या काळातला कायदा कोणी पाडला नाही. मागेल त्याला काम, ही हमी कायम राहिली.

आणि पैसा? त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसला: मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी तालुक्यातल्या मजुरीला. शहरी मतदाराला दुखावणारा हा कर पुढच्या एकाही सरकारने रद्द केला नाही. पुण्याहून बदलून इकडे आलेल्या आमच्या वाचकांनी जुनी पगारपत्रके काढून पाहावीत. दोनशे रुपयांची (फेब्रुवारीत तीनशेची) ती कपात तिथे दरमहा दिसेल. इथे हाच कर सहामाही कापला जातो आणि चेन्नई महापालिकेकडे जातो.