न्हाणीघराची दुरुस्ती आणि परवानगी

घरांत वृद्ध माणसें असलीं, कीं न्हाणीघर बदलण्याचा विषय आज ना उद्यां निघतोच. निसरडी फरशी, उंच उंबरठा आणि उकिडवें बसावयाचें शौचकूप यांचा जाच गुडघे दुखूं लागल्यावर कळतो. मग गवंड्यास बोलावणें जातें. या कामास परवानगी लागते काय, हें मात्र पुष्कळांना फरशी उखडल्यावर आठवतें.

याविषयींचा मूळ कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याच्या कलम ४३ अन्वयें बांधकामास परवानगी आवश्यक आहे. परंतु इमारतीच्या केवळ अंतर्भागापुरत्या दुरुस्तीस व सुधारणेस त्याच कलमांत सूट दिली आहे. वारसा-इमारतींना ती लागू नाहीं. तेव्हां खरबरीत फरशी घालणें, नळ बदलणें, जुन्या जागींच कमोड बसविणें, भिंतीस आधाराची दांडी लावणें यांसाठीं कचेरीचे हेलपाटे घालण्याचें कारण नाहीं.

अंगणांत किंवा गच्चीवर नवें न्हाणीघर बांधणें, सज्जा बंदिस्त करून आंत घेणें, यांची गोष्ट निराळी. येथें बांधलेलें क्षेत्र वाढतें व परवानगी घ्यावीच लागते. ती न घेतल्यास कलम ५३ प्रमाणें बांधकाम पाडण्याची नोटीस येऊं शकते. भार वाहणारी भिंत, खांब वा तुळई यांस हात लावावयाचा असल्यास इंजिनिअरचा सल्ला आधीं घ्यावा.

परवानगी कोठें मागावी? पिंपरी-चिंचवड शहरांत महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे, चाकण गांवांत नगरपरिषदेकडे, भोंवतालच्या खेड्यांसाठीं २०१५ सालीं स्थापन झालेल्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. निगडी-आकुर्डीकडील ज्यांच्या जुन्या कागदांवर नवनगर विकास प्राधिकरणाचें नांव आहे, त्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं १९७२ ची ती संस्था २०२१ मध्यें विसर्जित झाली. अर्ज कोणाकडे करावयाचा हें प्रथम विचारून घ्यावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. अर्ज मालकानें करावयाचा. आणि घर पुष्कळदां दिवंगत आजोबांच्याच नांवावर असतें. वारसांची नोंद व भावाभावांची लेखी संमति हीं कामें गवंडी येण्यापूर्वींच उरकावीं.

सदनिकेंत राहणारांनीं गृहनिर्माण संस्थेच्या समितीची लेखी अनुमति घ्यावी. आदर्श उपविधींतच तसें सांगितलें आहे. सदनिकेंतील न्हाणीघराचा स्लॅब बहुधा मुद्दाम खोलगट ठेवलेला असतो. सांडपाण्याचे नळ व जलरोधक थर त्यांत बसतात. ती जागा सोडून न्हाणीघर दुसरीकडे सरकविलें, तर आपलें सांडपाणी खालच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरावर अथवा देवघरावर येण्याचा संभव. आपल्या मोरींतून झिरपणारें पाणी थांबविण्याचा खर्चहि आपल्याच माथीं येतो. म्हणून नवी फरशी बसविण्यापूर्वी त्या खोलगट भागांत निदान २४ तास पाणी तुंबवून ठेवावें आणि शेजाऱ्यांच्या अनुमतीनें त्यांच्या छतास ओल येते काय, हें स्वतः पाहावें.

मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मिळालेल्या अनुमति एकाच पाकिटांत जपून ठेवाव्या. पुढें घर विकतांना किंवा त्यावर कर्ज काढतांना प्रत्यक्ष घर नकाशाशीं ताडून पाहिलें जातें. त्या वेळीं आजीसाठीं हौसेनें बांधलेली खोली नातवंडांच्या वाटेंत आडवी येऊं नये.