उष्णतेचे हप्ते

मायक्रोवेव्ह ओव्हन घरात आला की आपला माणूस दोन गोष्टी करतो. एक, त्याच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घालतो. आणि दोन, त्याच्यावरचं 'पॉवर' नावाचं बटण जन्मभर दाबत नाही. भात असो, पोळी असो की फ्रीझरमधली सुरमई असो, सगळ्यांना एकच शिक्षा. फुल्ल पॉवर, दोन मिनिटं! मग पोळीचं चामडं होतं, आणि हेच लोक मान हलवत म्हणतात, "मायक्रोवेव्हमध्ये चव राहत नाही हो!" राहील कशी? तुम्ही तिला राहू द्याल तर ना!

मी बी.कॉम. माणूस. विज्ञानाशी माझा संबंध पंख्याच्या रेग्युलेटरपुरता. पण ओव्हनचं माहितीपुस्तक मी अथपासून इतिपर्यंत वाचलं आहे. (कर्जाच्या अर्जामागचा बारीक मजकूर वाचणाऱ्याला ते जड जात नाही.) इन्व्हर्टरवाले ओव्हन सोडले, तर 800 वॅटच्या ओव्हनला 50 टक्के सांगितलं म्हणजे तो काही 400 वॅटने चालत नाही. थोडे सेकंद पुरते 800, मग थोडे सेकंद बंद, पुन्हा 800. कान देऊन ऐका, घरघर मध्येच बदलते. त्या मधल्या वेळात दिवा चालू, पंखा चालू, तबकडी फिरतेय आणि मुख्य काम बंद! हेच दृश्य आमच्या काउंटरवर दिसलं तर लोक तक्रारवही मागतात. पण खरं काम याच विश्रांतीत होतं. या लहरी अन्नात शिरतात जेमतेम इंचभर. पुढचा आतला प्रवास उष्णतेने आपला आपण पायी करायचा असतो. म्हणून ती हप्त्याने द्यायची. एकरकमी दिली की कडेला मे महिना आणि मध्ये काश्मीर.

गोठलेल्या सुरमईची तर फारच परवड. बर्फ या लहरी फारशा घेतच नाही, पाणी मात्र अधाशासारखं पितं. तुकड्याचा एक कोपरा वितळला की पुढची सगळी उष्णता त्या कोपऱ्यालाच! ज्याच्याकडे आधीच पैसा, त्यालाच कर्ज, तसला प्रकार. तिला 30 टक्के, आणि मध्ये एकदा उलटायची. दूध, खीर, पनीर यांना 50. शिळ्या भातावर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून 70. पोळी ओलसर फडक्यात गुंडाळून 50, तीही अर्धं मिनिट. फुल्ल पॉवर हवी ती चहाच्या पाण्याला, पातळ साराला आणि पापडाला. पापड मात्र झकास भाजतो! कवचासकट अंडं कुठल्याच पॉवरवर नाही, ते फुटतं.

अहो, यातली नळी मूळची रडारची. 1945 साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या खिशातली चॉकलेटची वडी तिच्यापुढे वितळली आणि त्यातून हा ओव्हन निघाला, असं सांगतात. शत्रूची विमानं हुडकणारी नळी, आणि तिच्यापुढे वाटीभर शिरा पुरा दम लावून ठेवायचा?

"वेळ कुठाय?" हा आमच्या शाखेतल्या मंडळींचा सवाल. जेवणाची सुट्टी अर्धा तास, डबे बारा, ओव्हन एक. मान्य. हळू पॉवरला मिनिटभर जास्त लागतं, तेही मान्य. पण डब्यातला भात कुणीतरी पहाटे पाचला उठून केलेला असतो. त्याचे खडे तुम्ही करायचे, आणि संध्याकाळी घरी जाऊन "आज भात कडक झाला होता" म्हणायचं, याला आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या खात्यावर खोटी नावे नोंद टाकणं म्हणतात. नोकरी जाते त्याने!

म्हणून मी शाखेच्या ओव्हनवर वरचा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवला आहे. तिसऱ्याच दिवशी त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "सर्व पदार्थ : 100, दोन मिनिटं." त्या हस्ताक्षराची मी सध्या हजेरीपटाशी पडताळणी करतो आहे.