टाळ्यांचे मोल

ता. २२ मार्च २०२० रोजीं आम्हीं सुशिक्षितांनीं सज्जांत उभें राहून टाळ्या पिटल्या. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें साथीनें अमरावती-अकोल्यास पुन्हां गांठलें, तेव्हांहि दारोदार फिरली ती आशा स्वयंसेविकाच. साथ ओसरली, तशी आमची कृतज्ञताहि ओसरली! अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटच्या डोंगरवाटा तुडवून गरोदर स्त्रीस दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या या बाईस, सन २००५ मध्यें योजना निघाल्यापासून, सरकारदप्तरीं नोकराचें स्थान नाहीं. तिला मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. कोणी म्हणेल, सेवेचें मोल पैशांत होत नाहीं. खरें, पण हें तत्त्वज्ञान महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार मोजून घेणारांनीं सांगावें काय? टाळ्यांनीं चूल पेटत नाहीं. आधीं तिला वेतन द्या. टाळ्या मग खुशाल वाजवा!