गाईडला आधी प्रश्न द्या

सुट्टी जवळ आली की आमच्या आंबवड्यातल्या पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, "मॅडम, पोरांना पुणं दाखवायचंय. गाईड घ्यावा का?" माझं उत्तर 'घ्यावा' असंच असतं. एका घराला तो खर्च जड जातो, म्हणून तीन-चार घरांनी मिळून घ्यावा. सरकारमान्य गाईडकडे ओळखपत्र असतं, ते पाहावं. पैसे किती, वेळ किती आणि ठिकाणं कोणती, हे आधीच बोलून घ्यावं.

त्यासोबत आणखी एक काम करा. मुलांना बसवून दहा प्रश्न लिहून घ्या आणि ते गाईडला आदल्या दिवशीच द्या. गाईड रोज तेच सांगून थकलेला असतो. आपण काही विचारलं नाही, तर तो शनिवारवाड्यातली भुताची गोष्ट सांगतो, फोटो काढायला लावतो आणि पुढं निघतो.

शनिवारवाड्याचंच पाहा. बाजीरावांनी १७३० मध्ये त्याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा सगळेच दाखवतात. त्याच वाड्याला मस्तानी दरवाजाही आहे. तिथं थांबून मुलांनी विचारावं, "मस्तानीच्या मुलाचं पुढं काय झालं?" त्याचं नाव समशेर बहाद्दर. १७६१ मध्ये तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्या जखमांनीच गेला. बांद्याचे नवाब हे त्याचेच वंशज. सिनेमात मस्तानीचा नाच दिसतो, तिचा हा मुलगा फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढं नारायणरावांच्या खुनाची गोष्ट येते. तारीख ३० ऑगस्ट १७७३. "गारद्यांनी मारलं" असं गाईड म्हणतो आणि गर्दीतलं कुणीतरी आपल्या मुलांकडे वळून पाहतं. अशा वेळी मुलाला उत्तर माहीत असावं. गारदी ही जात नव्हे, धर्मही नव्हे. युरोपियन पद्धतीची कवायत शिकलेल्या पगारी शिपायांना गारदी म्हणत. त्या खुनात सुमेरसिंग होता, खरगसिंग होता, तुळाजी पवार होता आणि महंमद युसूफही होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र दोषी धरलं ते खुद्द काकांना, राघोबादादांना. पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान हाही गारदीच. तो शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. एकाच नावाची ही दोन्ही माणसं मुलांना ठाऊक हवीत. महंमद युसूफचं नाव लपवू नका, इब्राहिमखानाचं विसरू नका.

शनिवारवाड्यासमोरच लालमहाल आहे. शिवरायांचं बालपण जिथं गेलं तो मूळ वाडा आज उरलेला नाही. दिसते ती इमारत महापालिकेनं नंतर बांधलेली आहे, हे गाईडकडून वदवून घ्या. जुनं काय आणि जुन्यासारखं काय, हा फरक लहान मुलांनाही छान कळतो.

तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी इथं मुलींची शाळा काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, त्यामुळं पाहण्यासारखं काही नाही म्हणून पुष्कळ गाईड ही जागा टाळतात. तुम्ही टाळू नका, मुली सोबत असतील तर मुळीच नको. जोतिरावांचं शिक्षण अर्ध्यावर थांबलं होतं, तेव्हा "पोराला पुन्हा शाळेत घाल" असं त्यांच्या वडिलांना पटवणाऱ्यांत शेजारचे गफार बेग मुन्शी होते. पुढं १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना पत्र लिहिलं. स्वतः आजारी असताना त्यात त्यांना काळजी होती ती आपल्यामागं कामाचा भार वाहणाऱ्या फातिमेची. हे गाईडला ठाऊक नसेल, तर आपल्या मुलीनं त्याला सांगावं.

जोहरची नमाज आणि जेवण आटोपून नगर रस्त्यावर आगाखान पॅलेसला जा. सुलतान महंमद शाह आगाखान यांनी १८९२ मध्ये तो बांधला, तोही दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. १९४२ मध्ये इंग्रजांनी गांधीजींना इथंच डांबलं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघेही याच कैदेत वारले. १९६९ मध्ये आगाखानांच्या वारसांनी ही वास्तू देशाला देऊन टाकली. मुलांना समाध्यांपाशी दोन मिनिटं गप्प उभं राहू द्या.

आपली मुलं अशा ठिकाणी पाहुण्यासारखी अंग चोरून फिरतात, हे मी पाहिलेलं आहे. प्रश्न विचारणारं मूल मात्र पुढं जाऊन उभं राहतं.

आणि हो, या सवयीची सुरुवात घराजवळही करता येईल. आंबवड्यात कान्होजी जेध्यांची समाधी आहे, झुलता पूल आहे. येत्या रविवारी मुलालाच गाईड करा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याला प्रश्न विचारा. दादीअम्मीनं सगळ्यात अवघड प्रश्न विचारावा.